रिकामेपणाची राखण

जर्मनीतील जुन्या घरांच्या तळघरात, धुरांड्याच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर एक लहानसे लोखंडी दार असते. वहीच्या पानाहून फारसे मोठे नसलेले हे दार वर्षातून मोजक्या वेळा उघडले जाते आणि ते उघडणारा मनुष्य सहसा त्या घरातला नसतो. काळ्या पोशाखातील तो कारागीर दारामागे साचलेली काजळी आधी डब्यात काढून घेतो, मग लांब दांड्याचा आरसा तिरपा करून आत सरकवतो आणि त्यात निरखून पाहतो. धुरांडे सरळ असेल, तर तीन मजले आणि माळा ओलांडून, त्या उभ्या पोकळीच्या टोकाशी असलेला आभाळाचा चौकोनी तुकडा आरशात उतरतो. तो अखंड दिसला, त्याच्या कडा नेटक्या असल्या, मध्ये काटकी, घरटे, निखळलेली वीट किंवा काजळीचा पापुद्रा आडवा आला नाही, म्हणजे धुराची वाट मोकळी आहे. पुढे मोजमापे होतात, नोंदी होतात, कागदावर शिक्का उमटतो. परंतु या पाहणीचा गाभा एवढाच, की तळघरातील अंधारात उभे राहून आभाळ दिसते की नाही ते पाहावे.

घराचे वर्णन करताना माणसे जे भरलेले असते त्याचेच वर्णन करतात. खोल्या किती, ओसरी केवढी, भिंती कशाच्या, कौले कुठली. घराच्या पोटातून उभी गेलेली ही अरुंद पोकळी कोणाच्या वर्णनात येत नाही, कारण तिच्यात कोणी राहत नाही, कोणी काही ठेवत नाही आणि तिच्या आतल्या भिंती घरमालकाने जन्मभरात एकदाही पाहिलेल्या नसतात. तिला उलटी विहीर म्हणता येईल. विहिरीत वाकून पाहावे तर आभाळ तळाशी दिसते, इथे ते माथ्याशी दिसते. विहिरीचे मोल तिच्यात जे साठते त्यावर ठरते, धुरांड्याचे मोल त्याच्यात काहीच न साठण्यावर ठरते. पाणी श्रमाने वर ओढावे लागते, धूर मात्र आपण होऊन चढतो, कारण तापलेली हवा बाहेरच्या थंड हवेहून हलकी असते, ती वर गेली की तिच्या जागी खोलीतील हवा शिरते, ती तापते आणि तीही त्याच वाटेने निघते. या प्रवाहाला जर्मन भाषेत 'त्सूग' म्हणतात आणि त्याचा सरळ अर्थ 'ओढ' असा होतो. धुरांडे जितके उंच आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील अंतर जितके मोठे, तितकी ही ओढ बळकट. मराठीत हाच शब्द माहेरासाठी आणि पंढरीसाठी राखलेला असल्यामुळे, धुराला आभाळाची ओढ असते हे भौतिकशास्त्राचे साधे विधान मराठी कानाला जरा वेगळे ऐकू येते.

मराठीत धुरांडे हा चांगला शब्द असूनही बोलण्यात रुळला तो 'चिमणी', आणि त्या एका शब्दात किती वस्तू दाटीवाटीने राहतात हे पाहण्यासारखे आहे. अंगणात दाणे टिपणारा पक्षी चिमणी, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात मिणमिणणारा रॉकेलचा पत्र्याचा दिवा चिमणी, कंदिलाची काच हीही कित्येक घरांत चिमणीच. गिरणगावातील आभाळात उभ्या असलेल्या विटांच्या मनोऱ्यांना चिमण्याच म्हटले गेले आणि १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर त्यांतल्या अनेकींचा धूर कायमचा थांबला, तेव्हा आभाळ स्वच्छ झाले म्हणून लालबाग-परळमध्ये कोणाला आनंद झाला नाही. आता शहरातील सदनिकांमध्ये गॅसच्या शेगडीवर बसवलेल्या धूर ओढणाऱ्या यंत्रालाही चिमणी म्हणतात. इंग्रजी शब्दाने मराठीत येताना पाखराचे रूप घेतले आणि तो घरचाच होऊन बसला.

वस्तू मात्र शब्दाइतकी घरोघरी गेली नाही. जुन्या मराठी घरात चुलीवर धुरांडे क्वचितच असे. धूर आढ्यापर्यंत चढे, तिथे रेंगाळे आणि कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे. या रेंगाळण्याचा उपयोगही करून घेतलेला होता. वाशांना काजळीचा थर चढला की त्यांना सहजी कीड लागत नसे, पुढच्या पेरणीसाठी राखलेली कणसे चुलीवरच टांगलेली असत. त्याची किंमत बाईच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली. तरीही पाहणीची एक सवय त्या घरांतही होती, ती म्हणजे कंदिलाची काच पुसण्याची. दिवेलागणीच्या आधी काच उतरवून, फडक्याने किंवा राखेच्या चिमटीने आदल्या रात्रीची काजळी काढून, ती उजेडासमोर धरून पाहिली जाई, कारण काजळी धरलेली काच उजेड अडवते हे डोळ्यांना दिसत असे. धुरांड्याचे अवघडपण इथेच आहे की त्याला काच नसते. आतून ते किती काळवंडले आहे याची खूण खोलीत उमटत नाही, चूल पेटते, ऊब येते, दिवस जातात, आणि पोकळी दर हिवाळ्याला केसभर अरुंद होत राहते.

काजळी म्हणजे जळण्यातून सुटलेले जळण. लाकूड पूर्ण जळावे यासाठी भरपूर उष्णता आणि भरपूर हवा लागते. ते ओले असेल किंवा हवेची झडप बंद करून रात्रभर धुमसत ठेवले असेल, तर त्यातील वाफा व डांबरासारखी द्रव्ये न जळताच वर निघतात आणि धुरांड्याच्या थंड भिंतींवर थिजतात. म्हणून तोडलेले लाकूड फोडून, पाऊस लागणार नाही पण वारा लागेल अशा जागी, वर्ष-दोन वर्षे रचून ठेवण्याची रीत आहे, आणि त्यातील पाण्याचा अंश शेकडा २० च्या खाली येईपर्यंत ते जाळू नये असे धुरांडेवाले परोपरीने सांगतात. भिंतीवरची काजळी भुकटीसारखी सुटी असेल तोवर ब्रशाने झडते. तिचे खवले झाले की खरवडावे लागते. तिसरी अवस्था सर्वांत देखणी आणि सर्वांत वाईट असते: थरावर थर वितळून, वाळून, काळ्या लाखेसारखा चकचकीत लेप तयार होतो, ज्याला जर्मन कारागीर 'ग्लान्झरूस', म्हणजे चमकती काजळी, म्हणतात. ब्रश त्यावरून नुसता घसरतो. तो लेप वास्तविक घरात साठवलेले इंधन असते, आणि एखाद्या कडाक्याच्या संध्याकाळी आगटीत जाळ जरा मोठा झाला, एखादी ठिणगी वर गेली, की धुरांडे आतून पेटते.

अशा आगीचे वर्णन करणारे सगळे आधी तिच्या आवाजाविषयी बोलतात. भिंतीच्या आतून रेल्वेगाडी जावी तसा घरघराट सुरू होतो, माथ्यावरून ठिणग्यांचा फवारा उडतो, आतील तापमान १००० अंश सेल्सियसच्या पलीकडे जाऊ शकते. आणि इथे पाणी ओतायचे नसते. आगीवर पाणी ही माणसाची आदिम समजूत आहे, पण पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट जागा मागते, आणि बंदिस्त नळीत तेवढी जागा नसल्यामुळे धुरांडे फुटते व आग खोल्यांत शिरते. म्हणून अग्निशामक दल येते, त्याच्याबरोबर धुरांडेवालाही येतो, आणि मग ही अनुभवी माणसे मुख्यतः थांबतात. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी भिंतीला हात लावून ती किती तापली ते पाहत राहते, भिंतीलगतची कपाटे आणि पडदे दूर केले जातात, जळताना फुगून वाट अडवणारी काजळी वरून साखळी सोडून मोकळी केली जाते, आणि आगीला तिच्या वाटेने जळून संपू दिले जाते. ओलसर लाकडाच्या काही मोळ्यांतून आणि न केलेल्या एका झाडलोटीतून ही रात्र उभी राहिलेली असते, हे त्या घरातील माणसांना सहसा सकाळीच उमगते.

आग निदान गर्जना करते. धुरांड्याचा दुसरा धोका आवाजही करत नाही. वाट तुंबली, किंवा बाहेरच्या हवेने धूर उलटा ढकलला, की अपुऱ्या जळण्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साईड हा वायू खोलीतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. डोके जड होते, झोप येते, आणि त्या झोपेला थकव्याची झोप समजले जाते. हा वायू ओळखण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. थंडीच्या दिवसांत, खिडकी लावून घेतलेल्या लहानशा न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून अंघोळीला गेलेले माणूस बाहेर आलेच नाही, अशी बातमी मराठी वर्तमानपत्रांत हिवाळ्यागणिक येते आणि आतल्या पानावर चार ओळींत संपते. तिथे चूल नसते, धूर दिसत नाही, म्हणून धुराच्या वाटेचा विचार कोणाच्या मनात येत नाही; निळ्या ज्योतीलाही बाहेर जाण्यासाठी वाट लागते, हे सांगायला दारावर कोणी आलेले नसते.

जर्मनीत ते सांगणारा माणूस दारावर येतो, आणि त्याला येऊ द्यावेच लागते. उत्तरेत त्याला 'शोर्नश्टाईनफेगर' म्हणतात, बव्हेरियात 'कामिनकेरर', सीमेपलीकडे ऑस्ट्रियात 'राउखफांगकेरर'. तिन्हींचा अर्थ धुरांडे झाडणारा. देश छोट्या छोट्या विभागांत वाटलेला असून प्रत्येक विभागासाठी एक कारागीर सात वर्षांकरिता नेमलेला असतो, आणि त्या मुदतीत त्याने आपल्या विभागातील प्रत्येक घराची दोनदा समक्ष पाहणी करावी असा नियम आहे. या पाहणीला 'फॉयरश्टेटनशाऊ', म्हणजे घरातील अग्निस्थानांचे निरीक्षण, असे नाव आहे. तो आगटी पाहतो, तिच्यापासून लाकडी जमीन आणि सामान किती अंतरावर आहे ते मोजतो, माळ्यावर जाऊन धुरांड्याच्या भिंतीला तडा आहे का ते चाचपतो, काजळीची दारे घट्ट बसतात का ते पाहतो, आणि शेवटी एक लेखी आदेश देतो, ज्यात कोणते धुरांडे वर्षातून किती वेळा आणि कोणत्या तारखांच्या आत झाडून घ्यायचे हे लिहिलेले असते. क्वचित पेटणाऱ्या आगटीला एकदा पुरते, सबंध हिवाळा चालणारीला तीनदा. पुण्यात जर्मन शिकून नोकरीसाठी स्टुटगार्ट किंवा म्युनिकला गेलेल्या मराठी कुटुंबाला अशी चिठ्ठी पहिल्यांदा मिळते तेव्हा, घरात तर साधा गॅसचा बंब आहे, धुरांडेवाल्याचे इथे काय काम, असा प्रश्न पडणे साहजिक असते. तो येतो, बंबाच्या धुरनळीत मोजणीची सळई घालतो, आकडे वाचतो, आणि त्या निळ्या ज्योतीची वाट मोकळी असल्याचे लिहून देतो.

या व्यवस्थेतील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट तिच्या कायद्यात एका वाक्यात दडलेली आहे. जर्मन राज्यघटनेचे १३ वे कलम माणसाचे घर अभेद्य मानते. न्यायाधीशाच्या आज्ञेशिवाय पोलिसालाही सहसा उंबरठा ओलांडता येत नाही. धुरांडेवाल्यासाठी मात्र या मूलभूत हक्काला मर्यादा घातल्याचे त्याच्या व्यवसायाच्या कायद्यात स्पष्ट नमूद आहे. घर ही खाजगी गोष्ट, पण घरातील आग खाजगी नव्हे, असा विचार त्यामागे आहे, कारण भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत एकाचा निष्काळजीपणा दुसऱ्याच्या छपरावर जाऊन पडतो. अग्निशामकांचा आणि धुरांडेवाल्यांचा रक्षक मानलेला संत फ्लोरियान याच्या नावाने जर्मन भाषेत एक जुनी, कडवट प्रार्थना फिरते, जिच्यात भक्त आपले घर वाचवण्याची आणि आग लावायचीच तर दुसऱ्याच्या घराला लावण्याची विनंती करतो. आपल्यावरचे संकट शेजाऱ्याकडे सरकवण्याच्या वृत्तीला आजही तिथे त्या संताच्या नावानेच ओळखतात. दारोदार फिरणारा धुरांडेवाला हा त्या प्रार्थनेला समाजाने दिलेला जबाब मानता येईल. अर्थात परक्याला घरात शिरण्याचा हक्क देणे ही साधी गोष्ट नाही. विभागांची ही पद्धत देशभर सक्तीची झाली ती १९३५ मध्ये, नाझी राजवटीत, आणि प्रत्येक घराच्या आत जाऊ शकणारा डोळा अशा राजवटीच्या हाती असणे किती भयंकर, हे वेगळे सांगायला नको. पुढे लोकशाहीत ही मक्तेदारी कायम राहिली आणि युरोपीय आयोगाच्या आक्षेपानंतर, २०१३ च्या आरंभापासून, झाडण्याचे काम कोणाही पात्र कारागिराकडून करून घेण्याची मुभा मिळाली; पाहणीचा अधिकार तेवढा नेमलेल्या माणसाकडेच राहिला. हे विभाजन शहाणपणाचे वाटते. साफ करणारा निवडता यावा, पण साफ आहे असे म्हणणारा निवडता येऊ नये.

आज आरसा आणि कॅमेरा ज्या पोकळीत सरकवला जातो, त्या पोकळीत एके काळी मूल सरकवले जात असे, आणि हे आठवल्यावाचून धुरांड्याविषयी काही लिहिणे अपुरे राहील. २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनमधील पुडिंग लेन या गल्लीतील भटारखान्यातून लागलेल्या आगीत तेरा हजारांवर घरे जळाली. नंतर शहर विटांनी बांधले गेले, लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळला जाऊ लागला, आणि कोळशाला पुरणारी धुरांडी अरुंद झाली, काही तर जेमतेम ९ इंच चौरस. एवढ्या वाटेने वर चढू शकेल असे शरीर पाच-सहा वर्षांच्या मुलाचेच असते. कोपरे आणि गुडघे भिंतींना टेकवून, इंच इंच वर सरकत, डोक्यावरच्या ब्रशाने काजळी पाडत ही मुले चढत. ती काजळी त्यांच्याच अंगावर पडे आणि तिच्याच पोत्यांवर ती झोपत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुरांडी झाडणाऱ्यांना वृषणाच्या त्वचेचा जो कर्करोग होतो त्याचे कारण काजळी असल्याचे दाखवले, आणि एखाद्या व्यवसायातून कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने प्रथमच ओळखले. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना बंदी केली, १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुरांड्यात चढवण्याची. दोन्ही कायदे कागदावर राहिले. सांध्यांच्या नळ्यांचा लांब ब्रश जॉर्ज स्मार्ट याने १८०३ मध्येच तयार केला होता, म्हणजे मुलांची गरज उरलीच नव्हती. पण ब्रशाने गालिचे खराब होतील आणि वळणदार धुरांड्यांत तो पोहोचणार नाही, अशा शंका घरमालकांना येत राहिल्या. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील रुग्णालयाच्या धुरांड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याच वर्षी धुरांडेवाल्यांना पोलिसांकडून परवाना घेणे बंधनकारक झाले आणि मग ही चाल थांबली. ब्रश येऊन बहात्तर वर्षे झाली होती. न दिसणाऱ्या पोकळीत जे घडते त्याविषयी न पाहण्याची मुभा घरातले माणूस स्वतःला किती काळ देऊ शकते, त्याचे हे माप आहे.

याच इतिहासाचा एक धागा जर्मन कारागिराच्या अंगावरील कपड्यांपर्यंत येतो. हेन्री बटलिन या इंग्रज शल्यवैद्याने १८९२ मध्ये, हा कर्करोग युरोप खंडातील धुरांडेवाल्यांमध्ये जवळजवळ का आढळत नाही, याचा शोध घेतला, तेव्हा अंगाला घट्ट बसणारा, मान आणि मनगटे झाकणारा त्यांचा पोशाख आणि काम संपल्यावर अंग धुण्याची सवय या गोष्टी त्याच्या नजरेत भरल्या. सोनेरी बटणांचा तो काळा वेष, ज्याच्यावर आज पर्यटक कौतुकाने कॅमेरा रोखतात, तो मुळात एक चिलखत होता. त्याच बटणाला बोट लावले की भाग्य उजळते, अशी समजूत जर्मनीत अजून जिवंत आहे, आणि नववर्षाला चार पानांच्या क्लोव्हर गवताबरोबर धुरांडेवाल्याची बदामाच्या मिठाईची बाहुली भेट देतात. यामागचे कारण असे सांगितले जाते की धुरांडे तुंबले की घरात ना स्वयंपाक शिजे ना ऊब राही, आणि काळा माणूस येऊन गेला की चूल पुन्हा पेटे. महाराष्ट्रात काळा रंग सहसा शुभ मानत नाहीत, पण बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतातच. काजळीत राखण करण्याची शक्ती आहे, हे दोन्हीकडच्या लोकमनाला परस्परांची ओळख नसताना सुचलेले आहे.

धुरांडे असणे आणि धुरांडे राखले जाणे या दोन गोष्टींमधील अंतर भारतातही एकदा लख्ख दिसले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' घडवली होती. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून निर्धूर चुली खेडोपाडी बसल्या, ज्यांच्यातून एक नळकांडे छपराबाहेर काढलेले असे. पहिले काही महिने स्वयंपाकघर निवळले. मग नळकांड्यात काजळी धरली, ओढ मंदावली, धूर पुन्हा डोळ्यांत आला, आणि बऱ्याच घरांत नळकांडे काढून टाकून बाया तीन दगडांच्या किंवा मातीच्या जुन्या चुलीकडे वळल्या. दोष त्यांच्या माथी मारला गेला, त्यांना सुधारणा नको असते असे म्हटले गेले. वास्तविक नळकांडे आले होते, पण ते झाडणारे हात, तो ब्रश, ती चिठ्ठी, वर्षातून ठरलेल्या दिवशी येणारी ती पावले, यांपैकी काहीच त्याच्याबरोबर आले नव्हते. वस्तू एका दिवसात बसवता येते. तिच्याभोवतीची राखण बसायला पिढ्या लागतात.

आता खुद्द जर्मनीत धुरांड्यांचे दिवस बदलत आहेत. हवेतील उष्णता ओढून घर ऊबदार ठेवणाऱ्या पंपाला धूर नसतो, म्हणून वाटही लागत नाही, आणि नवी घरे त्या पोकळीशिवाय उभी राहतात. अनेक धुरांडेवाल्यांनी ऊर्जा-सल्लागाराचे शिक्षण घेतले आहे. पण २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटू लागला, तेव्हा लाकडाच्या आगट्यांना एकाएकी मागणी आली, जळाऊ लाकूड महागले, आणि कित्येक वर्षे कपाटामागे झाकून गेलेली तोंडे पुन्हा उघडण्याआधी, वाट शाबूत आहे ना हे पाहण्यासाठी त्याच काळ्या वेषातील माणसाला बोलावणी गेली. आगटी धुरांड्याला जोडली तरी त्याने पाहून होकार दिल्याशिवाय ती पेटवता येत नाही. काही धुरांडी मात्र परत पेटणार नाहीत. ब्रांडेनबर्गमधील र्‍यूहश्टेट हे गाव करकोच्यांसाठी ओळखले जाते आणि अशा गावांत विझलेल्या धुरांड्यांवर त्यांची काटक्यांची अवजड घरटी दिसतात. जिथे जाळ आहे तिथे काटकी हा अपघाताचा आरंभ असतो. जाळ गेला की तीच काटकी पिलांचे अंथरूण होते आणि धुरांडेवाल्याच्या वहीतून ते घर वगळले जाते.

जी धुरांडी वहीत राहिली आहेत त्यांच्याकडे तो शरद ऋतूत येतो, काजळीची दारे लावतो, कागदावर सही करतो आणि पुढच्या घराकडे जातो. त्याच्या मागे घरात दाखवण्यासारखे काही उरत नाही. भिंत रंगवलेली नसते, वस्तू दुरुस्त झालेली नसते, एक पोकळी पूर्वीइतकीच पोकळ आहे एवढेच त्याने पाहून ठेवलेले असते. मग पहिली थंड संध्याकाळ येते. उन्हाळाभर न पेटलेल्या धुरांड्यात गार हवेचा एक जड स्तंभ उभा असतो, म्हणून जाणती माणसे मोठी लाकडे रचण्याआधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून आगटीच्या वरच्या अंगाला धरतात. ज्योत आधी खोलीच्या दिशेने लवते, थोडा धूर बाहेर येतो, खोकला येतो, खिडकीकडे कोणाचा तरी हात जातो. वर, तीन मजल्यांच्या अंधारात, गार हवा अजून हललेली नसते. कागद अर्धा जळून होतो, बोटांना चटका बसू लागतो, आणि मग ज्योत, अगदी सावकाश, आतल्या बाजूला मान वळवते.